करंगळीखालची चौथी पट्टी

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. जागा विश्रामबागेतला आमच्या दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, बाहेरची पेशंट बसतात ती खोली. हजर आम्ही चार सभासद आणि साताऱ्याहून आलेल्या एक पाहुण्या बाई. डब्यात शिल्लक साडेसहाशे रुपये.

डब्याचं आधी सांगतो. आम्ही चौघं जॅझ ऐकणारे. सांगलीत असे आणखीही असतील, पण नऊ वर्षांत आम्हाला ते सापडलेले नाहीत. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दवाखान्यात जमतो. आळीपाळीने एकाने एक तुकडा आणायचा आणि नावगाव न सांगता लावायचा. वाजत असताना कोणी एक अक्षर बोलायचं नाही. संपलं की प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं: कोण वाजवतंय, साधारण कुठल्या दशकातलं, माणसं किती, आणि ऐकताना काय वाटलं. मग चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. तुकडा आणणाऱ्याने डब्यात पन्नास रुपये टाकायचे, आणि बरोबर ओळखेल त्याने डबा रिकामा करून न्यायचा. साडेसहाशे रुपये साठले होते, म्हणजे तेरा महिने कोणी काही ओळखलेलं नव्हतं. आमची लायकी किती, ते यावरून कळावं.

वाजवणाऱ्यांची नावं इथे लिहीत नाही. त्यातली निम्मी मी अजून चुकीची उच्चारतो.

सभासदांत डॉक्टर पहिले, कारण स्पीकर त्यांचे. दुसऱ्या मॅडम, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. तिसरे सुभेदार. ते शिराळ्याकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले, आता ऊस बघतात. परदेशात शांतिसेनेत असताना छावणीतल्या रेडिओवर त्यांनी हे संगीत पहिल्यांदा ऐकलं. चौथा मी. कुपवाडच्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासतो, सत्तावीस वर्षं झाली. म्हणून हे लोक मला इन्स्पेक्टर म्हणतात.

मला जॅझ कळतं असा माझा दावा नाही. मी मोजतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सगळे आपापल्या वाटेने भरकटलेत असं वाटलं होतं. सवयीने मात्रा मोजायला लागलो. चौसष्ट मात्रा झाल्या आणि पाचही माणसं कोणाच्या इशाऱ्याशिवाय एकाच ठिकाणी येऊन उभी राहिली. पुन्हा चौसष्ट, पुन्हा तेच. आमच्या कारखान्यात तीन खात्यांची घड्याळं एक वेळ दाखवत नाहीत. त्या दिवशी मी खुर्चीत ताठ बसलो होतो, आणि ती अवस्था अजून पूर्ण गेलेली नाही.

तर त्या रविवारी पाळी मॅडमची होती, पण तुकडा त्यांच्या शाळेतल्या बाईंनी आणला होता. या बाई साताऱ्याच्या शाळेत गणित शिकवायच्या. मॅडम त्यांच्या विद्यार्थिनी. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ सरळ. दवाखान्यातल्या बाकावर बसल्या आणि आधी आम्हाला नीट पाहून घेतलं. मॅडम आमच्यासमोर कायम वर्ग घेतल्यासारखं बोलतात, पण त्या दिवशी हात मांडीवर ठेवून गप्प होत्या.

बाई म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही. एकच प्रश्न आहे, तो सोडवून द्या."

प्रश्न असा होता. त्यांचे यजमान लग्नाआधी सॅक्सोफोन वाजवायचे. आधी पलटणीच्या बँडमध्ये, मग दहा वर्षं मुंबईतल्या एका हॉटेलात, रात्रीच्या नाचाच्या वाद्यवृंदात. पस्तिशीला सगळं सोडून साताऱ्याला परत आले, कचेरीत कारकून झाले, लग्न केलं. वाद्य पेटीत घालून कपाटावर ठेवलं ते खाली काढलं नाही. बाईंनी त्यांना वाजवताना एकदाही ऐकलं नाही. एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "आम्ही दोघं होतो. मी आणि एक गोव्याचा." त्यापुढे काही नाही. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. यंदा दिवाळीच्या साफसफाईत पेटीच्या अस्तराखाली एक कॅसेट सापडली. वर काही लिहिलेलं नव्हतं. भाच्याने ती फोनवर उतरवून दिली होती.

"त्यात दोन सॅक्सोफोन आहेत," बाई म्हणाल्या. "एकामागून एक वाजवतात. त्यातले हे कोणते, तेवढं सांगा. मी अडतीस वर्षं संसार केला त्यांच्याबरोबर, आणि मला ओळखता येत नाही."

सुभेदार म्हणाले, "सांगतो की बाई. आमचं कामच हाय ते."

तेरा महिन्यांचा डबा टेबलावरच होता. डॉक्टरांनी तो हळूच पुस्तकांमागे सरकवला.

तुकडा पाच मिनिटं पन्नास सेकंदांचा. सुरुवातीला फसफस, कपबशांचा आवाज, कोणीतरी हसतं, मग पियानो. दोघे मिळून धून वाजवतात. एक मिनिट दहा सेकंदांना पहिला सॅक्सोफोन एकटा पुढे येतो आणि दोन चव्वेचाळीसपर्यंत वाजवतो. तिथून चार वीसपर्यंत दुसरा. मग पुन्हा दोघे.

पहिला ऐकून आम्ही खरोखर थक्क झालो. स्वच्छ, भरधाव, आणि एकही स्वर डळमळीत नाही. कवायतीतल्या पावलांसारखे स्वर पडत होते. हे कोणीतरी आपल्या मुंबईत, जेवणाऱ्या लोकांच्या कपबशांच्या आवाजात वाजवलं आणि विसरून गेलं, हे ऐकताना डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. दुसरा वेगळा होता. संथ. काही ठिकाणी तो स्वरावर थेट येतच नव्हता. वरून निथळत खाली यायचा, आणि पोचला न पोचला तोच पुढे. तीन मिनिटं पाच सेकंदांना त्याने धूनच भलतीकडे वळवली तेव्हा माझ्या दंडावर काटा आला. हे मी चिठ्ठीत लिहिलं नाही. काटा हे माप नाही.

चिठ्ठ्या वाचल्या. चौघांचं एकमत. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

डॉक्टरांनी लिहिलं होतं, "पहिला. पलटणीची शिस्त ऐकू येते." मॅडमनी लिहिलं, "पहिला. लष्करी बँडमध्ये शिकलेला माणूस असा घसरत स्वर लावणार नाही." सुभेदार म्हणाले, "पैलाच. दुसरा नाचाच्या पार्टीतला हाय, लाडात वाजवतोय." माझ्या चिठ्ठीवर होतं, "पहिला. खात्री दहात आठ."

"आणि दुसरा?" बाईंनी विचारलं.

"तो गोव्याचा," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या खालच्या दातांत फट असणार. ओठ धरवत नाही त्याला."

"डॉक्टरांना सगळ्यांच्या दातांत फट दिसते, बाई," मॅडम म्हणाल्या. "धंदा आहे त्यांचा."

बाई हसल्या. पदराने डोळे पुसले नाहीत की काही नाही. फक्त म्हणाल्या, "पहिला. बरं." आणि पहिला भाग पुन्हा लावायला सांगितला. तो संपेपर्यंत बाकावर बोटाने ताल धरून बसल्या होत्या. ताल चुकत होता, पण ते त्यांना कोणी सांगितलं नाही.

आठवड्याने मॅडमनी सांगितलं की बाई रोज चार वाजता चहाबरोबर पहिला तुकडा ऐकतात. कराडच्या बहिणीला फोनवर ऐकवला. भाच्याकडून त्याचा वेगळा भाग कापून घेतला, म्हणजे दुसरा मधे येत नाही. आणि त्यांनी ठरवलं की इतकं चांगलं वाजणारं वाद्य पेटीत पडून राहू नये. कोणा वाजवणाऱ्याला द्यावं, पण त्याआधी तपासून, पुसून घ्यावं. सांगलीत कोणी असेल तर बघा म्हणून पेटी मॅडमकडे पाठवली, आणि मॅडमनी ती माझ्या स्कूटरवर बांधली, कारण कारागीर कुपवाडला, आणि कुपवाडला रोज जाणारा मी.

मिस्त्रींचं दुकान आमच्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत आहे, लेथवाल्यांच्या रांगेत शेवटचं. लग्नातल्या बँडवाल्यांची पितळी वाद्यं ते दुरुस्त करतात. वडीलही तेच करायचे. लग्नसराई तोंडावर होती, दारात पोचे पडलेले सात कर्णे ओळीने ठेवलेले. त्यांनी पेटी उघडली, वाद्य उचललं, आणि उजेडाकडे धरून फिरवून पाहिलं.

मग म्हणाले, "कुणाचं हाय हे?"

मी सांगितलं.

"लय वाजवलंय गड्यानं." त्यांनी वाद्य माझ्यासमोर आडवं धरलं. "आन् हे बघा. ही बांधलीया."

डाव्या हाताच्या करंगळीखाली सॅक्सोफोनला चार छोट्या पट्ट्या असतात. एकेक दाबली की नळीवरचं एकेक झाकण हलतं आणि वेगळा स्वर निघतो. त्यातल्या सगळ्यात वरच्या पट्टीचं झाकण पातळ तांब्याच्या तारेने नळीला घट्ट बांधलेलं होतं. तारेवर हिरवा थर चढलेला.

"स्प्रिंग तुटली की हे झाकण उघडं पडतं," मिस्त्री म्हणाले. "मग खालचं सगळं स्वर बिघडत्यात. म्हणून बांधून टाकलंय. बांधलं की बाकीचं नीट वाजतं, फकस्त त्यो एक स्वर निघत न्हाई."

"कुठेच नाही? वरच्या सप्तकातला, खालच्या सप्तकातला?"

"दोन्हीकडचा. झाकण एकच की."

"मग तो स्वर आला तर वाजवणाऱ्याने काय करायचं?"

मिस्त्रींनी खांदे उडवले. "वरचा स्वर धरायचा आन् व्हट सैल सोडायचं. वरनं घसरून यायचं खाली. येतंय जवळजवळ."

मी तिथल्या स्टुलावर बसलो. विचारायचं धाडस नव्हतं, तरी खिशातून फोन काढला. मिस्त्रींनी कानस खाली ठेवली, माझे इअरफोन शर्टाला पुसले आणि कानात घातले. मी पहिला सॅक्सोफोन लावला. ते ऐकत राहिले, मान डोलावली, बोटं मांडीवर चालत होती. दुसरा सुरू झाला आणि वीस-पंचवीस सेकंदांत त्यांची बोटं थांबली. डाव्या हाताची करंगळी तेवढी हवेत उभी राहिली.

"ह्यो," ते म्हणाले.

"हा काय?"

"ह्यो वाजवतोय हे वाद्य. करंगळी ठेवायला जागाच न्हाई त्याला. ऐका की, परत्येक बारीला तिथं आला की वरनं येतोय."

मी तीन रविवारांपूर्वी चिठ्ठीवर लिहिलेला आकडा मला आठवला. दहात आठ.

पण एका माणसाच्या करंगळीवर मी निकाल बदलत नाही. मिस्त्रींना म्हणालो, "तार नंतर बांधली असेल. हॉटेल सोडताना, किंवा पेटीत ठेवताना. कॅसेटच्या वेळी पट्टी चालू असू शकते."

"आवं इन्स्पेक्टर," ते म्हणाले (हे नाव गल्लीपर्यंत पोचलं होतं हे मला माहीत नव्हतं), "तुमी मापं घेताय न्हवं? मग घ्या. ह्या चारांत सगळ्यात जास्ती झिजते ती हीच वरची. बाकीच्या तिनांना हिच्या मानानं काम कमी. बघा काय दिसतंय ते."

जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या खात्यातला मायक्रोमीटर आणला. सुट्टीनंतर परत केला, तशी नोंद आहे. खालच्या तीन पट्ट्यांचा मुलामा पूर्ण उडालेला, आतलं पितळ पिवळं दिसत होतं. जाडी अनुक्रमे एक पूर्णांक बासष्ट, साठ आणि एकसष्ट शतांश मिलिमीटर. वरची, बांधलेली पट्टी: एक पूर्णांक चौऱ्याऐंशी. मुलामा जसाच्या तसा. कारखान्यातून आली तेव्हा असेल तशी.

म्हणजे पट्टी त्या वाद्याच्या आयुष्याच्या सुरुवातीलाच बंद झाली होती. बाकीची सगळी झीज, दहा वर्षांच्या रात्री, तार बांधल्यानंतरची. त्या माणसाने सगळं वादन एक स्वर नसलेल्या वाद्यावर केलं होतं.

पुढचे तीन दिवस कारखान्यातून आल्यावर मी हॉलमध्ये कान लावून बसलो. बायको म्हणाली, "पेपर तपासताय का कुणाचे?" फोनवरच्या हार्मोनियमवर तो नेमका स्वर आधी शोधून घेतला. मग मोजलं. पहिल्या वादकाने तो स्वर एकतीस वेळा स्वच्छ लावला. दुसऱ्याने एकदाही नाही. जिथे धून तो स्वर मागतेच, अशा नऊ जागी तो वरून घसरत आला. आणखी सहा जागी धूनच वळवून त्याने भलतीच वाट काढली होती, आणि ती वाट मूळ वाटेपेक्षा चांगली होती. तीन मिनिटं पाच सेकंद ही त्या सहांतली पहिली.

चौथ्या दिवशी मी काही मोजलं नाही. नुसतं ऐकलं. तबकडीवरच्या थोर लोकांना ऐकताना वाटतं तसं नव्हतं ते. आपल्या साताऱ्यातला एक कारकून, बाजारातून पिशवी घेऊन येणारा, आणि त्याने हे केलं होतं. ज्याला आम्ही लाडात वाजवणं म्हटलं, दातांतली फट म्हटलं, ते सगळं एका तारेभोवतीचं चालणं होतं. नसलेल्या पायरीवर पाय न ठेवता तो जिना इतका सहज उतरला होता की खाली उभ्या चार जाणकारांना पायरी नाही हे दिसलं नाही.

मार्चच्या रविवारी मी कागद सगळ्यांपुढे ठेवला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला.

"चुकलो आपण," ते म्हणाले. "सपशेल." मग जरा थांबून, "पण सांगायचं का त्यांना? रोज चहाबरोबर ऐकतात. बहिणीला ऐकवलंय. अठ्ठ्याहत्तर वय आहे. ज्यांना त्या यजमान समजतात तो भलताच माणूस आहे, हे आता कशाला?"

"म्हंजे म्हातारीला गोव्याच्या माणसाबर बसवून ठिवायचं का, रोज च्याला?" सुभेदार म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांनी मला आयुष्यात एकदाच मारलंय. उत्तर चुकलं म्हणून नाही. चुकलेलं माहीत असून वही दिली म्हणून."

विषय संपला. सुभेदार म्हणाले, डबा मिस्त्रींचा. मी तो त्यांच्याकडे घेऊन गेलो तर ते म्हणाले, "मी ऐकून वळखलं न्हाई. आधी बघितलं, मग ऐकलं. ते तुमच्या खेळात बसत न्हाई." नियमाने ते बरोबर होतं. डब्यातले पैसे साताऱ्याला जाण्याच्या पेट्रोलला घातले, आणि मिस्त्रींनी एक दिवस दुकान बंद ठेवून बरोबर यावं असं ठरलं, कारण वाद्यातलं सांगणार कोण?

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. आम्ही चौघं आणि मिस्त्री चार वाजता पोचलो. चहाचं आधण ठेवलेलं, टीपॉयवर फोन, आणि पहिला तुकडा लावायच्या तयारीत. मॅडमना बोलवेना, म्हणून मीच सांगितलं. वळण न घेता सांगितलं. आम्ही दिलेला निकाल चूक होता, यजमान दुसरे. मग कागद दिला.

बाईंनी चष्मा लावून आकडे वाचले. एकतीस, शून्य, नऊ, सहा. गणिताच्या बाईंनी वाचावेत तसे. मिस्त्रींनी पेटी उघडून तार दाखवली.

"पंधरा मिनिटांचं काम हाय हे," ते म्हणाले. "मुंबईत तर कोपऱ्याकोपऱ्यावर कारागीर आसतील तवा. दहा वर्सं केलं का न्हाई, ते मातूर मला कळत न्हाई."

बाई तारेकडे बघत राहिल्या. आणि एकदम हसायला लागल्या. इतक्या, की मॅडम उठून त्यांच्याजवळ गेल्या.

"आमच्या मोरीच्या दाराला कडी नव्हती," बाई म्हणाल्या. "तुटली होती. मी म्हणायची, सुतार बोलवा. हे म्हणायचे, हो. बावीस वर्षं हा माणूस डाव्या पायाने दार दाबून धरून, एका पायावर उभा राहून आंघोळ करत होता. गात. सुतार बोलावला नाही." त्यांनी डोळे पुसले. "हेच. हेच आहेत हे. तुमचे आकडे नसते तरी चाललं असतं. ही तार त्यांनीच बांधलीय."

मग म्हणाल्या, "लावा दुसरा."

मी लावला. या वेळी त्यांनी ताल धरला नाही. प्रत्येक घसरण आली की त्यांची मान किंचित कलायची, जसं शेजारच्या खोलीत ओळखीचं पाऊल वाजल्यावर होतं. चहा उकळून गॅसवर सांडला, तो सुभेदारांनी जाऊन बंद केला. तुकड्यातली चार मिनिटं वीस सेकंद झाली, दोघे पुन्हा एकत्र वाजवायला लागले, आणि बाई म्हणाल्या, "आता यात मागून येणारे हे. आता कळतंय." मला तोवर त्या जोडीत कोण कुठला ते वेगळं करता आलेलं नव्हतं. अजूनही येत नाही.

तुकडा संपल्यावर त्या मिस्त्रींकडे वळल्या.

"तो स्वर मला ऐकवाल? जो त्यांना काढता येत नव्हता तो?"

"तार काढावी लागंल बाई. स्प्रिंग बसवावी लागंल. परत असं ऱ्हाणार न्हाई ते."

"काढा."

मिस्त्रींनी जमिनीवर फडकं पसरलं. तार पक्कडीने कापली, ती दोन तुकडे होऊन पडली. झाकणाखालची गादी कडक होऊन चिरली होती, ती बदलली. सुईसारखी स्प्रिंग बसवली. खिशातून स्वतःची फुंकायची वेताची पत्ती काढून तोंडाने ओली केली, ती वाद्याच्या मुखाला लावली. मग उभे राहिले, आणि ज्या पट्टीवर कोणाची करंगळी टिकली नव्हती तिच्यावर करंगळी ठेवून त्यांनी तो स्वर लावला. लांब. सुरुवातीला जरा घोगरा, मग मोकळा. खोलीतल्या स्टीलच्या मांडणीतलं एखादं ताट त्याने थरथरलं.

मिस्त्रींनी वाद्य खाली केलं.

"एवढाच होय?" बाई म्हणाल्या.

"एवढाच," मिस्त्री म्हणाले.

बाई उठल्या. मग आत जाऊन पाकीट घेऊन आल्या आणि हिशेब विचारला. मिस्त्रींनी काही सोडलं नाही आणि काही वाढवलं नाही: स्प्रिंग चाळीस, गादी नव्वद, दिवसाची मजुरी सातशे. मी खिशात हात घातला तर बाईंनी शाळेतल्यासारखं माझ्याकडे पाहिलं, आणि मी हात बाहेर काढला. एकूण आठशे तीस रुपये, रोख, बाईंनी स्वतः मोजून मिस्त्रींच्या हातात दिले.